काट्यावर चढलेलं कोकरू

आयुष्यातलं पहिलं इंजेक्शन मी एका बटाट्याला दिलं. खरं तर नर्सिंग स्कूलमध्ये त्यासाठी संत्री असत. संत्र्याची साल आणि माणसाची कातडी सुईला साधारण सारखीच लागते, असं आमच्या ट्यूटरबाईंचं म्हणणं. पण वर्गात संत्री थोडी आणि मुली फार, त्यामुळे माझी पाळी येईपर्यंत संत्र्यातला रस टेबलावर आलेला असे. म्हणून सुट्टीत घरी गेले तेव्हा चुलीजवळच्या टोपलीतून एक बटाटा उचलला आणि त्याला पाणी टोचत बसले. आईनं येता-जाता बघितलं आणि विचारलं, "काय झालंय त्याला?"

"काही नाही. शिकतीये."

"मग भाजीत घालू का नको, तेवढं सांग."

आमचं घर पिंपळवंडीच्या शिवारातल्या एका वस्तीवर. आमच्यात मेंढरं पिढीजात. वडील तरुणपणी दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे आणि पाऊस जवळ आला की वर यायचे. आई लग्नाआधी तिच्या माहेरच्या कळपामागं अशीच हिंडलेली. कालव्याचं पाणी शिवारात आलं, ऊस आणि कांदा आला, आणि मी दुसरी-तिसरीत असताना मेंढरं गेली. मला आठवतात ती फक्त दावणीची शेवटची दोन, आणि भिंतीला गुंडाळून टांगलेली वाड्याची जाळी. वाडा म्हणजे रानात मेंढरं रात्री कोंडायला जाळीचं कुंपण घालतात, तो वाडा.

घरात मला थोरला भाऊ 'चौकशी खिडकी' म्हणायचा. एसटी स्टँडवर असते तशी. फरक एवढाच, की स्टँडवरची खिडकी उत्तरं देते आणि मी प्रश्न विचारायचे. वस्तीवर लस टोचायला नर्सबाई यायच्या. बाकीची पोरं त्यांना बघून उसात पळायची आणि मी त्यांच्या निळ्या डब्यात डोकं घालून उभी. बर्फ कशाला? लस वितळते का? तुम्हाला हे कुणी शिकवलं? एकदा त्या कंटाळून म्हणाल्या, "बाई, तूच शिकायला जा, म्हणजे माझी सुटका होईल." मी ते मनावर घेतलं. बारावी झाल्यावर जनरल नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला पुण्याला गेले. वडील म्हणाले, "जाऊ द्या, तिकडं तरी हिला कोन ना कोन उत्तरं देईल."

तिकडं कुणी उत्तरं देत नसे, पाठ करायला लावत. पहिल्या वर्षी शरीराची हाडं, दुसऱ्या वर्षी औषधं आणि ऑपरेशनची हत्यारं. बाळाला अंघोळ घालायचा धडा एका रबरी बाहुलीवर व्हायचा. पिढ्यानपिढ्या मुलींनी अंघोळ घालून घालून त्या बाहुलीचं नाक झिजलं होतं. तिला पाण्यात धरताना मान कशी आधारायची, कान कसे झाकायचे, सगळं छान जमायचं, कारण ती रडत नव्हती. मी ट्यूटरबाईंना विचारलं, "ही रडत नाही, हात-पाय झाडत नाही, तर आम्ही शिकतोय काय?" त्यांनी मला तास संपेपर्यंत बाहुली मांडीवर घेऊन बसायची शिक्षा दिली. वर्ग हसत होता आणि मी त्या बाहुलीच्या झिजलेल्या नाकाकडे बघत होते.

मग मुलांच्या वॉर्डात पाळी लागली आणि मला माझा मुलूख सापडला. मोठ्यांच्या वॉर्डात पेशंट सांगतो, सिस्टर, इथं दुखतंय. मुलांच्या वॉर्डात सांगणारं कुणीच नसतं. बघून ओळखायचं. श्वास मोजायचा तर छातीवर हात न ठेवता, पोट वर-खाली होताना लांबून बघायचं, कारण हात लावला की मूल रडतं आणि रडलं की श्वासाचा हिशोब चुकतो. भुकेचं रडणं वेगळं, कान दुखल्याचं वेगळं, आणि ज्या आजारी बाळाला रडायचीसुद्धा ताकद नाही, त्याच्याकडे सगळ्यांत आधी धावायचं. औषधाचं तर नवलच. मोठ्या माणसाला सकाळ-संध्याकाळ एक गोळी, विषय संपला. मुलाचं आधी वजन करायचं, मग त्या वजनावरून औषध काढायचं. पोटातल्या दुधापासून सलाइनच्या थेंबापर्यंत सगळं वजनावर. मला वाटायचं, या शास्त्रात देव्हारा मांडायचा झाला तर मधोमध वजनकाटा ठेवावा लागेल. हा देव पुढं मला चांगलाच महागात पडणार होता.

कोर्स संपल्यावर मंचरला हायवेलगतच्या एका छोट्या मुलांच्या दवाखान्यात लागले. दवाखाना एका बाईंचा. गाव त्यांना 'पोरांची डॉक्टरीण' म्हणे, आम्ही मॅडम. बाहेर कांद्या-बटाट्याच्या ट्रकांचे हॉर्न, आत पोरांचं रडं, आणि मधे मॅडमचा हळू आवाज. नवीन सिस्टरला त्या पहिले काही दिवस कशालाही हात लावू देत नसत. दारात उभं राहायचं आणि खोलीत आलेलं मूल नुसतं बघायचं. मग त्या विचारायच्या, "काय दिसलं?" मी पहिल्या दिवशी सांगितलं, "ताप आहे." त्या म्हणाल्या, "ताप दिसत नाही, मोजावा लागतो. दिसलं काय ते सांगा." असं बघायला शिकायला मला बराच काळ लागला.

कोर्सातल्या प्रश्नांचा अनुशेष मी मॅडमवर काढला. तुम्ही किती वर्षं शिकलात? एमबीबीएसची साडेचार, मग वर्षभर इंटर्नशिप, मग पुन्हा प्रवेशाची परीक्षा, मग फक्त मुलांचा डिप्लोमा, आणखी दोन वर्षं. एवढं का? मोठ्यांचं शिकलं की लहानांचं त्यात आलंच की? त्या म्हणाल्या, "मलाही तसंच वाटायचं. शेवटच्या परीक्षेपर्यंत."

त्या परीक्षेत त्यांच्यापुढं एक दोनेक वर्षांचं पोरगं ठेवलं होतं. परीक्षक बाजूला घड्याळ बघत बसलेले. पांढरा कोट दिसताच पोरानं भोंगा पसरला. आधीच्या विद्यार्थ्यानं त्याच्या घशात बॅटरी मारली होती, त्यामुळे आता ते कुणाचंच ऐकेना. मॅडम खाली फरशीवर बसल्या. पोराच्या हातात प्लास्टिकची मोटार होती. त्यांनी आधी मोटारीला स्टेथोस्कोप लावला आणि तिचा ठोका ऐकल्यासारखं केलं. मग पोराच्या आईच्या हाताला लावला. मग पोरानं स्वतःच पोट पुढं केलं.

"घसा आणि कान सगळ्यांत शेवटी," मॅडम म्हणाल्या. "ज्याची भीती वाटते ते आधी केलं, की पुढं मूल तुमच्या हाती लागत नाही. एवढं एक वाक्य शिकायला मला दोन वर्षं लागली, असं समजा."

मला हे फार आवडलं. मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. पुढं मॅडमनी मला पुण्याला नवजात बाळांच्या विभागात काही महिने शिकायला पाठवलं. अपुऱ्या दिवसांची बाळं तिथं दिव्याखाली ऊब घेत असत. ज्यांना ओढून प्यायची ताकद नाही, त्यांना बोंडल्यानं थेंब थेंब आईचं दूध पाजायला मी तिथं शिकले. बोंडलं आमच्याही घरी होतं, पितळेचं, चोचीचं, फळीवर पडलेलं. पण ओठाच्या कोपऱ्याशी कसं टेकवायचं आणि बाळ गिळेपर्यंत किती दम धरायचा, हे शिकवावं लागतं. आणि रोज वजन. उघड्या अंगानं, ठरल्या वेळी. बाळ पितंय की नुसतंच तोंड हलवतंय, हे काट्यावाचून कळत नाही.

शिकून मंचरला परत आले, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या घरातच बाळ जन्मलं.

वहिनीचं पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी व्हायचं. ओटी भरून तिला पोचवायचा दिवससुद्धा ठरला होता. पण बाळाला तेवढा धीर नव्हता. आठवा लागतो न लागतो तोच कळा सुरू झाल्या आणि भावानं तिला जीपमध्ये घालून मंचर गाठलं. मुलगी झाली. दोन किलोलाही बरीच कमी. मी तिला हातात घेतलं आणि इतके महिने अशाच बाळांना हाताळून आलेल्या माझ्या हातांनी तिचं दुपटं दोनदा उलटं गुंडाळलं. परक्याचं बाळ आणि आपलं बाळ यांत हातांना फरक कळतो, हे कुठल्याही कोर्सात सांगत नाहीत.

ती काही आठवडे आमच्या दवाखान्यात दिव्याखाली राहिली. आतल्या खोलीत घरच्यांना सोडत नसत, त्यामुळे आई काचेबाहेर बाकावर बसून असायची. बाळ पिऊ लागलं, वजन थोडं चढलं, आणि मॅडमनी घरी सोडायचं ठरवलं. पण अट घातली. दर आठवड्याला वजन झालंच पाहिजे. थंडी मरणाची होती. एवढ्याशा जिवाला दर खेपेला एसटीच्या उघड्या खिडक्यांतून आणणं त्यांना पटेना. त्यांनी मला एक टांगायचा काटा दिला. वर कडी, मधे घड्याळासारखी तबकडी, खाली आकडा, आकड्याला बाळ ठेवायची कापडी झोळी.

"तुझ्या सुट्टीला घरीच तोल," त्या म्हणाल्या. "चढलं तर बाळ घरी राहील. उतरलं तर त्याच दिवशी घेऊन ये. एवढ्या लहान बाळाकडे शिल्लक नसते, उद्यावर टाकू नकोस."

सुट्टीच्या दिवशी मी काटा घेऊन घरी गेले. मधल्या तुळईला एक लोखंडी कडी होती, तिला तो अडकवला. झोळी नीट केली, वहिनीला म्हटलं, बाळाला उघडं करा. तेवढ्यात आई शेणाचे हात धुऊन आत आली. तुळईला लोंबणारा काटा बघून ती दारातच थांबली.

"उतरव ते."

"आई, वजन करायचंय."

"उतरव म्हन्ते ना. माझ्या घरात पोर तोलायची न्हाई."

मी समजावलं. म्हणजे, मला वाटलं मी समजावतीये. वजन का करायचं, नाही केलं तर काय होतं, पुण्यात रोज करतात, मॅडम एवढं शिकल्यात त्या काय उगाच सांगतात? आई म्हणाली, "मॅडमनी त्यांच्या घरात काय बी तोलावं. आमी काय कमी पोरं वाढवली? मी रोज हातावं घेती तिला. वाढलीये ती. मला कळतंय हाताला." आणि बाळाला वहिनीच्या मांडीवरून उचलून ती आतल्या खोलीत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

गावाला शहाणपण शिकवायला निघालेली मी, आणि दिव्याखाली हा अंधार! मला असा संताप आला, की मी नुसती रिकामी झोळी हातात धरून उभी राहिले. आतून कडी लागल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, ती पिता पिता झोपती वो. हालवली तरी उठत न्हाई. पोट भरतं का न्हाई, मला काय कळंना." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला.

पिता पिता झोपणारं बाळ म्हणजे काय, ते मी शिकून आले होते. दमलेलं बाळ झोपतं, झोपतं म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून आणखी दमतं. काटा हवा होता आणि तो आत्ता हवा होता.

बाहेर वडील, आमचे दादा, ओट्यावर कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत बसले होते. मी धपकन त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "बघा तुमच्या मंडळी!" त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते जुडी बांधत राहिले. मीही एक जुडी हातात घेतली. राग थोडा खाली बसला, तशी माझी मूळ खोड वर आली. आईनं दवाखान्याला कधी नाही म्हटलं नाही. लस टोचू दिली, सुया टोचू दिल्या, नळी घालू दिली. मग एका काट्यानं काय घोडं मारलं?

"दादा, तोलायचं नाही ते का?"

वडील हसले. "आत्ता इचारलंस व्हय? एवढा वेळ नुसतं सांगत व्हतीस."

मग त्यांनी सांगितलं. मेंढरं विकायची ती नजरेवर आणि हातावर. बेल्ह्याच्या बाजारात गिऱ्हाईक पाठीवरून हात फिरवायचं, कंबर चाचपायचं आणि अंदाज करायचं. काटा असायचा तो फक्त खाटकाच्या दारात. "आमची म्हातारी म्हणायची, काट्यावं चढलेलं कोकरू वाड्यावं परत येत न्हाई. तान्ह्या पोराला बी कुनी तोलायचं न्हाई, सुपात सुद्धा ठेवायचं न्हाई. आमच्यात तशीच रीत व्हती." थोडं थांबून ते म्हणाले, "आन् तुझ्या आईचं अजून एक हाय."

आई सात-आठ वर्षांची असताना वाड्यावर एक मेंढी विताना मेली. तिचं कोकरू आईनं मांडीवर वाढवलं. त्याच पितळेच्या बोंडल्यानं, जे आमच्या फळीवर पडून होतं. ते तिच्या मागं मागं फिरायचं, तिच्या घोंगडीत झोपायचं. एक दिवस वाड्यावर एक माणूस आला. तिच्या बापानं कोकरू उचललं. ती रडायला लागली तसं त्यानं सांगितलं, "रडू नगं, नुसतं तोलून आणतो." पोर दिवस मावळेपर्यंत वाड्याच्या तोंडाशी बसून राहिली.

वडिलांनी बांधलेली जुडी ढिगावर टाकली आणि दुसरी घेतली. आईला मी जन्मापासून ओळखत होते, हजार प्रश्न विचारले होते, आणि हे एवढं मला माहीत नव्हतं. मघाशी आल्या आल्या मी तुळईला काय टांगलं होतं, ते आता मला तिच्या डोळ्यांनी दिसलं. आकडा आणि झोळी. मॅडमचं वाक्य गावभर सांगत फिरलेली मी, आणि आईच्या बाबतीत आधी घसाच बघायला गेले होते!

आणखी एक प्रश्न उरला होता. मी विचारलं, "दादा, वाड्यात असं एक पण मेंढरू नसायचं का, जे कधीच विकायचं नाही?"

"असायचं की. देवाचं असायचं. खंडोबाच्या नावानं सोडलेलं. कपाळाला भंडारा लावला, की त्याला हात लावायची कुनाची छाती न्हाई. म्हातारं हून मरायचं, पर इकायचं न्हाई."

"मग त्याला कुणी काट्यावर घातलं तर?"

"घालंना का. तोलंल आन् ठेवंल. इकनार कोन हाय त्याला?"

कडी काढल्याचा आवाज झाला. आई बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. आतून तिनं किती ऐकलं होतं, ते मला माहीत नाही. मी काटा आतून आणला, ओट्याच्या खांबाला अडकवला आणि कांद्याच्या रोपांची एक जुडी झोळीत ठेवली. काटा हलला. मी जुडी काढली, काटा जागेवर आला. मग वडिलांचं पायताण ठेवलं. ते "आगं, आगं!" म्हणाले.

आई बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "ह्याच्यात आजून कोन कोन तोललंय?"

"पोरंच. मॅडमचा आहे तो. पोरांशिवाय कुणी बसलं नाही त्यात. आज पहिल्यांदाच पायताण."

"धुवून घे मग झोळी," आई म्हणाली.

मी झोळी धुतली आणि चुलीपुढं धरून वाळवली. आई देवाच्या फळीजवळ गेली आणि भंडाऱ्याची वाटी घेऊन आली. तिनं बाळाच्या कपाळाला बोट लावलं. मग काट्याच्या तबकडीला लावलं. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्याही कपाळाला लावलं. आणि काट्याकडे बघून ठणकावून म्हणाली, "ही देवाची हाय. इकायची न्हाई. ऐकलं ना?"

मी काटा आत नेऊन तुळईला लावला आणि चुलीजवळच्या उबेत बाळाचे कपडे काढायला घेतले. टोपरं. लोकरीचं झबलं. त्याखाली सुती झबलं. दोन दुपटी, त्यांत वडिलांच्या जुन्या घोंगडीचा एक तुकडा. थंडी वाढेल तसा आईनं रोज एक थर वाढवला होता. एकेक कपडा निघून बाजूला पडत गेला, ढीग वाढत गेला आणि बाळ कमी कमी होत गेलं. झोळीत ठेवलं तेव्हा त्याच्या फासळ्या दिसत होत्या.

काटा दवाखान्यातल्या शेवटच्या वजनाच्या खाली थांबला.

"परत तोल," आई म्हणाली.

मी परत तोललं. काटा तिथंच थांबला. आईनं कपड्यांचा ढीग दोन्ही हातांनी उचलला, हातात जोखला आणि खाली ठेवला. तिचा चेहरा मला बघवेना.

"मी कापडं उचलत व्हते," ती म्हणाली.

त्यानंतर एक शब्द न बोलता तिनं बाळाला वहिनीच्या पोटाशी, उघड्या अंगाला लावलं, वरून घोंगडी लपेटली आणि पायात चपला घातल्या. कांद्याची रोपं टाकून वडील रस्त्यावर जीप थांबवायला धावले. मंचरला पोचलो तेव्हा उन्हं अजून होती. बाळाचे पाय गार पडायला लागले होते. मॅडमनी बघितलं, वहिनीला एवढंच म्हणाल्या, "आज आणलंत ते बरं केलंत. उद्या अवघड झालं असतं." हे ऐकून आई काचेबाहेरच्या त्याच बाकावर जाऊन बसली.

पुढचे काही दिवस वहिनी दूध काढून द्यायची आणि मी बोंडल्यानं पाजायचे. दर खेपेला तेवढाच धीर, थेंब, गिळणं, पुन्हा थेंब. आईनं मॅडमना गाठून सांगितलं, की तोलताना मी आत असनार. मॅडमनी तिला अंगावर गाऊन चढवून आत घेतलं. रोज वजनाच्या वेळी आई हजर, मुठीत भंडाऱ्याची चिमूट. दोन-तीन दिवसांनी मॅडमना काट्याच्या कडेला पिवळं दिसलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळी हकिकत सांगितली, खाटकापासून कोकरापर्यंत. त्या काचेतून आईकडे बघत म्हणाल्या, "बाळाच्या अंगाला लागेल तेवढं पुसून घेत जा. कडेचं राहू दे."

बाळाचा काटा चढायला लागला तशी आईला कंठ फुटला. तिनं मॅडमना विचारलं, तुमी किती वर्सं शिकला? मॅडमनी सांगितलं. "एवढी वर्सं निसती पोरंच?" मॅडम म्हणाल्या, शेवटची निसती पोरंच. "आन् मेंढरांच्या डाक्टरला किती लागत्यात?" मॅडम म्हणाल्या, विचारून सांगते. "पोरं बोलत न्हाईत, मेंढरं बी बोलत न्हाईत. मग दोघांचं शिक्षण सारखंच पायजे का न्हाई?" मग रबरी बाहुलीबद्दल विचारलं, दिव्याच्या उबेबद्दल विचारलं, काटा बिघडला तर कसं कळतं ते विचारलं. भाऊ बाकावरून माझ्याकडे बघून हसत होता. चौकशी खिडकी आमच्या घरात आधीपासूनच होती. ती इतकी वर्षं फक्त बंद होती.

घरी सोडायच्या दिवशी शेवटचं वजन झालं. आई तबकडीवर वाकून बघत होती. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण काटा कुठवर आला म्हणजे चढला, हे ती आता माझ्याआधी सांगायची. बाळाला तिनं एकाच दुपट्यात गुंडाळलं आणि पदराखाली पोटाशी घेतलं. जीपमध्ये कुणी "मावशी, जरा सरका" म्हणालं तरी ती इंचभर हलली नाही.

वस्तीवर उतरलो तेव्हा वडील ओट्यावर उभे होते. बाळावरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन ते वाटच बघत होते. आई ओवाळायलाही थांबली नाही. तिनं पदर बाजूला करून बाळाचं तोंड त्यांना दाखवलं. आणि सात-आठ वर्षांच्या मुलीच्या आवाजात म्हणाली, "अवो, बघा. तोलून परत आणली."